पडद्यावरचं ध्रुपद

आमच्या चर्चमधल्या मराठी उपासनेत पडदा लागला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. गीतांचे शब्द, शास्त्रवाचनाचा उतारा, आठवड्याच्या सूचना असं सगळं आता पुलपीटच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर उमटतं. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात याच पद्धतीने आरत्या दाखवल्या, तेव्हा कितीतरी जणांनी जवळ येऊन विचारलं, "हे कसं करता हो? आमच्या भजनी मंडळालाही हवंय." उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून मासिकासाठी लिहून काढते आहे.

मी इंजिनिअर नाही. बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, सोसायटीचे अहवाल, निवडणुकीतली पत्रकं असं सगळं 22 वर्षं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत टाइप करत आले. चर्चच्या कमिटीने पडद्याचं काम माझ्याकडे दिलं ते त्यामुळेच. लोकांना वाटतं, प्रोजेक्टर आणला, लॅपटॉप जोडला की झालं. आमचा हिशेब असा: यंत्रं बसवायला दोन शनिवार लागले, अक्षरं सुधारायला सात महिने, आणि गाणाऱ्यांबरोबर पडदा चालवणं आम्ही अजून शिकतोच आहोत.

मुळात पडदा हवा कशाला, असं विचारणारेही होते. मागच्या बाकावर बसणारे एक काका तर कमिटीत सरळ म्हणाले, "चर्च आहे की थिएटर?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण आमच्याकडची 'उपासना संगीत'ची पुस्तकं शिवण उसवून सुटी झाली होती. बारीक टाइप ज्यांना दिसत नाही त्यांना गीतं पाठ होती, आणि ज्यांना दिसतं त्या मुलांच्या हातात पुस्तक नसायचं. पाठ असलेले गात होते, बाकीचे नुसते उभे राहत होते. ही दरी दरवर्षी थोडी थोडी वाढत होती, कारण पाठ असलेल्यांची संख्या कमी होत होती. शेवटी ठरलं की पडदा लावायचा, पण पुस्तकं बाकांवरून उचलायची नाहीत. काकांची ती अट होती आणि ती आजही पाळली जाते.

यंत्रांचं आधी सांगून टाकते, त्यात फारसं काही नाही.

आमच्या हॉलला पूर्वेकडे चार उंच खिडक्या आहेत आणि उपासना सकाळी नऊला. तेव्हाचं ऊन थेट पडद्यावर येतं. दुकानदाराने दाखवलेला 3000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर त्याच्या अंधाऱ्या खोलीत झकास दिसत होता. आमच्याकडे आणून पाहिला तर पांढऱ्यावर पांढरं. म्हणून, कुणीही यंत्र घेण्यापूर्वी ते आपल्या जागी, आपल्या वेळेला लावून पाहावं. आम्ही जास्त उजेडाचा प्रोजेक्टर घेतला आणि महिला मंडळाने दोन खिडक्यांना जाड कापडाचे पडदे शिवून दिले. खरा फरक पडद्यांनीच पडला. लहान खोली असेल तर प्रोजेक्टरच्या फंदात न पडता मोठा टीव्ही लावणं सोपं.

दुसरी अडचण वायरची. लॅपटॉप पेटीवाल्यांच्या शेजारी, प्रोजेक्टर छताला, मधलं अंतर 20 मीटर. इतकी लांब साधी एचडीएमआय केबल टाकली की चित्र मधूनच जातं, दोन सेकंदांनी परत येतं. आम्ही दोन टोकांना दोन छोट्या डब्या बसवल्या आणि मधे कॉम्प्युटर नेटवर्कची कॅट-सिक्स वायर ओढली. त्यानंतर चित्र हललेलं नाही.

तिसरी गोष्ट लॅपटॉपच्या सेटिंगची, आणि नवशिक्यांचं नव्वद टक्के रडगाणं इथेच असतं. विंडोजचं बटण धरून 'पी' दाबलं की चार पर्याय येतात. त्यातला 'डुप्लिकेट' घेतला तर तुमच्या लॅपटॉपवर जे जे दिसतं ते सगळं भिंतीवर जातं. 'एक्स्टेंड' घेतला की भिंत हा वेगळा पडदा होतो. तुम्ही इकडे पुढचं गीत शोधत असलात तरी लोकांना फक्त चालू कडवं दिसतं. आमच्याकडे एका तरुणाने एकदा आपला लॅपटॉप आणला होता, डुप्लिकेटवर. पाळकसाहेब मूक प्रार्थनेसाठी थांबले, आणि त्या शांततेत भिंतीवर कोपऱ्यातून निरोप सरकत आला: येताना कोथिंबीर आण. हसू कुणालाच आवरलं नाही, पाळकसाहेबांनासुद्धा. तेव्हापासून चर्चचा लॅपटॉप वेगळा. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नाही, नोटिफिकेशन बंद, झोपी जाण्याची सोय बंद, आणि विंडोजचे अपडेट शनिवारी संध्याकाळीच करून ठेवायचे. चालू करण्याचा क्रमही ठरलेला: आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप, मग सॉफ्टवेअर. उलटं केलं तर सॉफ्टवेअरला दुसरा पडदा सापडत नाही आणि पहिल्या गीताच्या वेळी धावपळ होते.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. सुरुवातीला आमच्याकडे पॉवरपॉइंट होतं. प्रत्येक रविवारची वेगळी फाइल. ते ठीक चालतं, जोवर पाळकसाहेब ऐनवेळी "त्याऐवजी दुसरं गीत घेऊ या" म्हणत नाहीत तोवर. शिवाय पॉवरपॉइंटला स्लाइड कळते, गीत कळत नाही. चर्चसाठी मुद्दाम बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गीतांचा साठा असतो. एक गीत एकदाच भरायचं. कडवी वेगळी, ध्रुपद वेगळं. ईझीवर्शिप, प्रोप्रेझेंटर ही पैसे मोजून घ्यायची. आम्ही ओपनएलपी वापरतो. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि मुख्य म्हणजे गीतपुस्तकाचं नाव आणि गीताचा क्रमांक त्यात नोंदवता येतो. आमच्याकडे गीत क्रमांकाने पुकारलं जातं. पाळकसाहेबांच्या तोंडून आकडा निघाला की तो शोधात टाकायचा, गीत हजर. फॉन्ट, रंग, मागची पार्श्वभूमी एका ठिकाणी ठरवली की सगळ्या गीतांना लागू होते, तेही बरं.

आता अक्षरांकडे येते. यात माझा जीव जास्त गुंतलेला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या मंडळींसाठी निवडक 240 गीतांची पुस्तिका टाइप करवून घेतली होती. ती फाइल सापडली तेव्हा सगळे खूश. मी मात्र नाही. ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होती. ज्यांनी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले आहेत त्यांना हे माहीत असेल: त्या काळी कॉम्प्युटरला मराठी 'अ' ठाऊकच नसायचा. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे गीताच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठेही मराठीच राहतं. गीतांच्या सॉफ्टवेअरला युनिकोडच लागतं, नाही तर शोध चालत नाही.

जुन्याचं नवं करणारी कन्व्हर्टर मिळतात. ती वापरावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केली जायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार नेमका उलटा: जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरांपाशी अडखळतं. 'ख्रिस्त' हा शब्दच आमच्या फाइलमध्ये तीन प्रकारे मोडला होता, आणि चर्चच्या गीतांत तो किती वेळा येतो हे सांगायला नको.

पण तुटलेला शब्द निदान डोळ्यांना खुपतो. जो शब्द तुटत नाही, नुसता बदलतो, तो जास्त घातक. आपल्या मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या 'ऱ्या'ची गरज पडत नाही, म्हणून बरीचशी कन्व्हर्टर सगळ्यांवर सरळ रफार चढवून मोकळी होतात. आमच्या गीतांत 'साऱ्या' होतं ते 'सार्या' झालं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या', आणि 'तारणाऱ्या'चं 'तारणार्या'. वाचणाऱ्याची जीभ तिथे अडखळते आणि सूर सुटतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून 'जे' दाबलं की खाली टिंब असलेला 'ऱ' येतो. त्याला हलन्त आणि मग 'य' दिला की हे अक्षर नीट बसतं. हे एक अक्षर मी 240 गीतांत हाताने शोधून दुरुस्त केलं.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून नाजूक. जुन्या गीतपुस्तकात 'नाहीं', 'कांहीं', 'आम्हीं' असे अनुस्वार आहेत. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने 1962 मध्ये स्वीकारले, तेव्हा असले अनुस्वार गेले आणि शेवटची वेलांटी, उकार दीर्घ झाले. आमच्या तरुण मंडळींचं म्हणणं, सगळं आजच्या नियमांनी करून टाका. अनुस्वार काढायला माझी हरकत नव्हती. पण 'प्रभु'चा सरसकट 'प्रभू' करायला माझा ठाम विरोध होता. वृत्तात बांधलेल्या ओळीत ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन. 'प्रभू' केलं की ओळ एका मात्रेने लांबते आणि पेटीवाला पुढे निघून जातो. त्याच नियमांत कवीला वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक दिलेली आहे, हे मी कमिटीला वाचून दाखवलं. तेवढ्यावर वाद मिटला. आता आमचा नियम असा: अर्थाला आणि उच्चाराला धक्का न लावणारे अनुस्वार काढायचे, ऱ्हस्व-दीर्घ मात्र छापील पुस्तकाप्रमाणे ठेवायचे.

मुद्रितं तपासली आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंनी. वय 81. दर बुधवारी दुपारी दुकानात यायच्या, खुर्चीत बसायच्या, आणि गीत वाचायच्या नाहीत, गायच्या. हलक्या आवाजात, पडद्यावर बोट ठेवून. जिथे गाताना अडलं तिथे चूक. माझ्या डोळ्यांतून निसटलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या गळ्याने पकडल्या. दुकानात पत्रिका घ्यायला आलेली माणसं थांबून ऐकायची. एकदा एका गीतात पुस्तिकेमध्ये एक कडवंच गळलेलं त्यांना आठवलं. मूळ पुस्तक उघडून पाहिलं तर खरंच होतं. सात महिने लागले ते असे.

फॉन्टबद्दल थोडं. नक्षीदार फॉन्ट पत्रिकेला शोभतात, भिंतीवर नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' आम्हाला मानवला. फुकट आहे, आणि त्याचे जाडीचे बरेच प्रकार मिळतात. त्यातला मध्यम जाड घ्यावा. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं लागतं, कारण आपल्याकडे वर रफार-अनुस्वार आणि खाली ऊकार-ऋकार असतात. अंतर कमी पडलं तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षरांना कड देण्याची सोय असते, ती बंद ठेवा. कड दिली की शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते आणि शब्द कुंपणासारखा दिसतो. गडद निळ्यावर पांढरी अक्षरं, मागे फुलं नाहीत, धबधबे नाहीत. हे शेवटचं पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तरुणांना धबधबे फार आवडतात.

आता गाण्याकडे. इथे मात्र सॉफ्टवेअर आणि आपलं गाणं यांची मुळातच गाठ नीट बसत नाही.

ही सॉफ्टवेअर बनली पाश्चात्त्य गीतांसाठी. तिथे पहिलं कडवं, मग ध्रुपद, दुसरं कडवं, मग ध्रुपद, असं सरळ चालतं. मराठी चर्चमध्येही अशी गीतं आहेत. जुन्या मिशनरी काळातली बरीचशी गीतं इंग्रजीवरून केलेली आणि विलायती चालींवर बसवलेली आहेत. त्यांना काही अडचण येत नाही. पण रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं चर्चमध्ये आणलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली असतील, पण टिळकांची गीतं आजही मराठी चर्चमध्ये दर रविवारी म्हटली जातात, हे चर्चबाहेर फारसं माहीत नसतं. या पदांत ध्रुपद आधी येतं. कडव्यानंतर ते पूर्ण येईलच असं नाही. कधी त्याची पहिली ओळच घोळवली जाते. गाणारा रंगला तर तीच ओळ चार वेळा. तबलजीने दुगण धरली की सहा वेळा.

यावर आम्ही काढलेला उपाय भजनी मंडळांनाही चालेल. गीत भरताना ध्रुपद पहिलं ठेवायचं आणि त्याची पहिली ओळ वेगळ्या स्लाइडवर पुन्हा एकदा भरायची. अभंगाची ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे तोडायची नाही, चरणाप्रमाणे तोडायची. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, तिथेच श्वास घेतला जातो. एका वेळी चार ओळी, फार तर पाच. ओपनएलपीत गीत चालू असताना कीबोर्डवर 'सी' दाबलं की ध्रुपदावर उडी जाते, 'व्ही' आणि 2 दाबलं की दुसऱ्या कडव्यावर. हे चार-पाच दिवसांत बोटांत बसतं. बाण दाबत दाबत पुढे-मागे जाणाऱ्याची हमखास फजिती होते.

पण कुठे उडी मारायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते गाण्यातच ऐकावं लागतं. म्हणून लॅपटॉपवर बसणारा मुलगा किंवा मुलगी गाणारी असावी, नुसती कॉम्प्युटर जाणणारी नको, असा माझा आग्रह आहे. आमच्याकडे दोन मुलं कॉम्प्युटरमध्ये हुशार होती, पण शब्द संपल्यावर पडदा बदलायची. तोवर पुढची ओळ सुरू झालेली असते आणि लोक मुके. शेवटच्या शब्दाच्या आधी, साधारण दोन अक्षरं शिल्लक असताना पुढचं यायला हवं. टाळ वाजवणाऱ्याला जसं आधी कळतं तसं हे आहे. आता ते काम एक नववीतली मुलगी करते. ती पेटीवाल्या काकांकडे बघते. त्यांची मान डावीकडे झुकली की ध्रुपद, सरळ राहिली की पुढचं कडवं. हा संकेत दोघांनी आपापसात ठरवला, आम्हाला नंतर कळलं.

लिपीवरून मात्र आमच्यात खरी वादावादी झाली. ती आपल्या मंडळाच्या घराघरांतली असल्यामुळे सविस्तर सांगते.

आमची बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात, शाळेत कन्नड असतंच, तिसरी भाषा म्हणून हिंदी. घरी मराठी बोलतात. देवनागरी वाचता येते, पण गाण्याच्या वेगाने नाही. काही पालकांनी सुचवलं, पडद्यावर मराठी ओळीखाली तीच ओळ इंग्रजी अक्षरांत द्या. ही मागणी काही आजची नाही. गोव्यात 1579 मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी सुमारे 11,000 ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं ते रोमन लिपीतच, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. पुण्याच्या शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केलं 1956 मध्ये. मधे तीन शतकांहून जास्त काळ गेला. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून 1811 मध्ये काढलेला मराठी नवा करार तर मोडीत होता; तो आज आमच्यापैकी कुणालाच वाचता येणार नाही. लिपी बदलली की आधीचं वाचणारी माणसं किती लवकर संपतात, हे मला त्या दोन पुस्तकांवरून दिसतं.

तरी कमिटीने तीन महिने करून पाहायचं ठरवलं, आणि आम्ही रोमन ओळ दिली. मुलं गाऊ लागली, हे खरं. पण तिसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की त्यांची नजर वरच्या ओळीवर जातच नाही. 'ळ'चा 'ल' झाला, 'न' आणि 'ण' एक झाले. चार ओळींच्या आठ ओळी झाल्यामुळे अक्षरं लहान करावी लागली, आणि ज्या म्हाताऱ्यांसाठी पडदा आणला त्यांनाच दिसेना. तीन महिन्यांनी मतदान झालं. रोमन ओळ दोन मतांनी गेली. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी उद्याची चार गीतं संडे स्कूलच्या पालकांच्या ग्रुपवर देवनागरीत पाठवतो, सोबत बाईंच्या आवाजात म्हटलेली. मुलं घरी एकदा म्हणून येतात. सगळीच नाही. दोन कुटुंबं या निर्णयावर अजून नाराज आहेत, आणि त्यातल्या एका घरची मुलगी हल्ली उपासनेत गात नाही, हे मला दर रविवारी दिसतं.

एक वेगळी विनंती मात्र मी लगेच मान्य केली. आमच्याकडे एक सून धारवाडकडच्या कन्नड घरातून आलेली आहे. मराठी छान बोलते, वाचता येत नाही. तिला पडद्यावर काही नको होतं, हातात कागद हवा होता. मी तिला गीतं कन्नड लिपीत काढून दिली. हे वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, कारण दोन्ही वर्णमाला एकाच क्रमाने लावलेल्या आहेत आणि कन्नडात 'ळ' आहे. फक्त कन्नडात 'ए' आणि 'ओ' ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन असतात. मराठीसाठी दीर्घ घ्यायचे. 'चमचा'तला 'च' आणि 'चार'मधला 'च' वेगळा, हे कन्नड लिपीत दाखवता येत नाही. आपल्या लिपीतही कुठे येतं म्हणा. ते ती सासूबाईंकडून ऐकून शिकली. गेल्या नाताळात तिने पहिल्यांदा एकटीने कडवं म्हटलं, कागद हातात होता पण दुमडलेला.

बिघाड होतातच, तेव्हा काय करायचं तेही लिहिते. लाइट गेली तर लॅपटॉप चालू राहतो, प्रोजेक्टर जातो. दिव्याच्या प्रोजेक्टरला बंद झाल्यावर पंख्याने गार व्हायला वेळ लागतो. लाइट आल्या आल्या घाईने चालू करू नये. आम्ही यूपीएस बसवला तो लोकांना शब्द दिसत राहावेत म्हणून नाही, दिवा टिकावा म्हणून. गीतांचा साठा महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्यावा आणि तो पेनड्राइव्ह चर्चमध्ये नाही, कुणाच्या तरी घरी ठेवावा. पडद्यावर चुकीचं काही आलं तर घाबरून इकडेतिकडे दाबत बसण्यापेक्षा पडदा काळा करण्याचं बटण दाबावं. पॉवरपॉइंट वापरणाऱ्यांनी 'बी' दाबावं. प्रार्थनेच्या आणि उपदेशाच्या वेळीही पडदा काळाच ठेवतो. नवीन कवींची गीतं त्यांची परवानगी घेतल्याशिवाय साठ्यात घालत नाही. टिळकांसारख्या जुन्यांच्या गीतांना तो प्रश्न नाही, त्यांच्या निधनाला 60 वर्षं कधीच होऊन गेली.

पावसाळ्यात एकदा उपासनेच्या मधेच अख्ख्या गल्लीची लाइट गेली आणि यूपीएसही बसला. भजन चालू होतं. पुस्तकं बाकांवर होती, पण कुणी उघडली नाहीत. मागच्या बाकावरच्या काकांनी ध्रुपद उचललं आणि सगळं गीत पार पडलं. नंतर चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तिसरं कडवं मला पूर्वी पाठ नव्हतं बरं का. दोन वर्षं तुमच्या त्या भिंतीवर वाचतोय." 

सध्या आमच्या साठ्यात 312 गीतं आहेत. त्यातली 40 अजून बाईंच्या नजरेखालून जायची आहेत; हल्ली त्यांना दुकानापर्यंत चालवत नाही, म्हणून बुधवारी मीच लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाते. काही गीतांची कडवी आमच्याकडच्या पुस्तकात फाटलेली आहेत. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, गोवा इथल्या वाचकांच्या घरी, शेजारी किंवा ओळखीत कुणाकडे 'उपासना संगीत'ची जुनी आवृत्ती असेल, तर मासिकाकडे जरूर कळवा. नुसते त्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो मिळाले तरी पुरेसे आहेत.